वर्गणी की वेतन?

सन २०२५ च्या शरदऋतूत आमचा मुक्काम अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या पूर्व भागात, नॉक्सव्हिल शहरानजीक, आमच्या कन्येकडे होता. एका शनिवारी सकाळी उठून पाहतो तो अवघी आळी नारिंगी झालेली. दारांवर नारिंगी झेंडे, आजोबांच्या अंगात नारिंगी सदरा, तान्ह्या मुलाच्या डोक्यावर नारिंगी टोपडे. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सामना होता. टेनेसी नदीतून कित्येकजण होड्या घेऊन थेट क्रीडांगणाच्या पायथ्याशी जातात, असे जावई सांगत होते. त्या नेलँड क्रीडांगणात सुमारे एक लक्ष माणसे बसतात. संघाचे नाव 'व्हॉलंटिअर्स', म्हणजे स्वयंसेवक. १८१२ च्या युद्धात या राज्यातील लोक स्वखुशीने मोठ्या संख्येने लढावयास गेले, त्यावरून राज्याला हे बिरुद मिळाले आणि राज्यावरून संघाला.

शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहत होते, पंचाहत्तरीच्या घरातले. वडिलांच्या काळापासून त्यांच्या घरात हंगामाची तिकिटे आहेत. आम्ही आयुष्यभर हिशेब तपासले हे कळल्यावर त्यांनी तिकिटांचे देयक आणून आमच्यापुढे ठेवले. त्यात 'टॅलेंट फी' म्हणून दहा टक्के जादा आकारणी होती. विद्यापीठाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केली आणि २०२५ च्या तिकिटांपासून लागू केली. खेळाडूंना द्यावयाच्या पैशांची ही तरतूद. मास्तर म्हणाले, "तिकीट मी घेतो, देणगी मी देतो, गाडी उभी करण्याचे पैसे मी देतो. आता या पोरांचा पगारही मीच द्यायचा का?"

इंदूरला परतल्यावर आपल्या मंडळाच्या बैठकीत आम्ही ही हकिकत सांगितली, तेव्हा बहुतेक सभासदांनी मास्तरांची बाजू घेतली. विद्यार्थ्याने विद्या करावी, खेळाचा पगार कसला, असा एकंदर सूर होता. आमचे मत याच्या उलट आहे. बैठकीत वेळ संपल्याने जे राहून गेले ते येथे मांडतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, तो बहुतांशी हातांनीच फेकायचा वा छातीशी धरून पळायचे, आणि अंगात चिलखत घातलेल्या धिप्पाड मुलांनी एकमेकांवर आदळायचे. या खेळाची जी एकमेव मोठी व्यावसायिक संघटना आहे, ती शालेय शिक्षण संपल्यावर तीन वर्षे उलटल्याखेरीज कोणाही मुलाला घेत नाही. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाला ही विद्या विकावयाची असेल तर महाविद्यालयाखेरीज दुसरा बाजारच नाही. आणि हा बाजार किरकोळ नाही. मध्य-पश्चिमेकडील 'बिग टेन' या विद्यापीठसंघाने २०२२ साली दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांचा जो करार केला, तो ७०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा असल्याचे प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यांचा २०२४ मधील करार सहा वर्षांसाठी सुमारे ७८० कोटी डॉलरांचा होता. हा सारा व्यापार ज्यांच्या गुडघ्यांवर उभा आहे, त्या मुलांना २०२१ पर्यंत मिळत होते काय? शिक्षणशुल्क, भोजन, निवास, पुस्तके आणि शेवटच्या काही वर्षांत किरकोळ खर्चासाठी थोडी रक्कम. त्यापलीकडे कोणी जेवणाचे बिल भरले तरी तो गुन्हा.

याला नाव होते हौशीपणाचे पावित्र्य. या पावित्र्याचा इतिहास तपासला तर हाती काय लागते ते पाहा. अमेरिकेतील विद्यापीठांमधली पहिली क्रीडास्पर्धा म्हणजे १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात झालेली नौकांची शर्यत. तिचा खर्च केला एका रेल्वे कंपनीने, कारण तिला त्या सरोवराकाठी प्रवासी न्यावयाचे होते. फुटबॉलचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १८६९ चा. त्यानंतर साठ वर्षांनी, १९२९ मध्ये, कार्नेगी प्रतिष्ठानाने शंभराहून अधिक संस्था पाहून अहवाल दिला. त्यात बहुसंख्य संस्थांत खेळाडूंना या ना त्या मार्गाने पैसा पुरवला जातो असे नमूद आहे. १९८७ मध्ये डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा अख्खा हंगाम रद्द करण्यात आला, कारण तेथे खेळाडूंना चोरून नियमित पैसे दिले जात होते. तेव्हा पैसा नवा नाही. तो उघड्यावर येणे तेवढे नवे आहे.

'विद्यार्थी-खेळाडू' हा जो शब्द तेथे मंत्रासारखा उच्चारला जातो, त्याची जन्मकथा आमच्या वाचकांनी अवश्य ऐकावी. १९५५ साली कोलोरॅडोतील एका लहान महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली दावा केला. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. फुटबॉल हा काही महाविद्यालयाचा व्यवसाय नव्हे, असा त्या निकालाचा आशय. याच सुमारास राष्ट्रीय क्रीडासंघटनेने, म्हणजे एनसीएएने, हा जोडशब्द रूढ केला. हेतू हा की, खेळाडूला 'कर्मचारी' ठरविणारा दावा उभाच राहू नये. हे कोणा विरोधकाचे म्हणणे नव्हे. त्या संघटनेचे १९५१ पासून साडेतीन दशकांहून अधिक काळ कार्यकारी संचालक असलेले वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या पुस्तकात ही कबुली दिली आहे. एक शब्द घडविला गेला आणि त्या आडोशाला भरपाईची जबाबदारी लपविली गेली. शासकीय नोकरीत आम्ही अशी शब्दांतरे पुष्कळ पाहिली. माणसाला 'रोजंदारी' न म्हणता 'मानसेवी' म्हटले की त्याचे निवृत्तिवेतन वाचते!

शिष्यवृत्ती मिळते ना, मग आणखी काय हवे, हा प्रश्न बैठकीत दोघातिघांनी विचारला. प्रश्न वाजवी आहे, आणि अमेरिकेतील शिक्षणशुल्क पाहता ती देणगी लहान नाही. पण १९७३ मध्ये एनसीएएने चार वर्षांच्या हमीची ती शिष्यवृत्ती एकेका वर्षाची केली. तशी हमी देण्याची मुभा संस्थांना पुन्हा मिळावयास २०१२ साल उजाडले. मधल्या जवळजवळ चार दशकांत प्रशिक्षकाची मर्जी उतरली की पुढल्या वर्षीची शिष्यवृत्ती बंद होऊ शकत होती. अभ्यासात पहिला वर्ग असला तरी चेंडू सुटला तर शिक्षण सुटले! कामगिरीवर अवलंबून असणारा आणि मालकाच्या इच्छेने थांबणारा जो मोबदला, त्याला आम्ही पगारच म्हणू. फक्त तो रोख नव्हता, आणि किती असावा यावर बोलण्याचा अधिकार घेणाऱ्याला नव्हता.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांच्या नावाने घेतला जातो. खेळाडूला पैसे दिले तर चाहत्यांचे मन उडेल, म्हणून पैसे देऊ नयेत. एनसीएएने न्यायालयांत वर्षानुवर्षे हाच बचाव केला. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० अशा निकालाने, शिक्षणाशी निगडित लाभांवरील एनसीएएची बंधने बेकायदा ठरविली. न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात जे लिहिले त्याचा मथितार्थ असा की, मजुरांना योग्य मोल न देणे हेच आमच्या मालाचे वैशिष्ट्य आहे, असे म्हणून मजुरी दाबण्याची मोकळीक अन्य कोणत्याही धंद्याला मिळणार नाही. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी जाहिरातींसाठी वापरू देऊन पैसे घेण्याची मुभा मिळाली. मग मने उडाली का? नॉक्सव्हिलमधील त्या शनिवारी तरी आम्हांला एकही घर नारिंगी रंगावाचून दिसले नाही. विम्बल्डनने १९६८ मध्ये व्यावसायिकांना प्रवेश दिला, त्यानंतर तेथील गवत काही ओस पडले नाही. इंग्लिश क्रिकेटमध्ये 'जंटलमन' आणि 'प्लेयर' हा पंक्तिभेद १९६२ च्या अखेरीस मोडला. तोवर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाआधी आणि पगारी खेळाडूची आडनावानंतर छापीत असत. त्या भेदाची हळहळ आज कोण करतो?

आणि आपण इंदूरकरांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. कर्नल सी. के. नायडू यांना होळकर दरबाराने येथे आणले, लष्करात हुद्दा दिला. इतरही गुणी खेळाडूंना संस्थानात आश्रय मिळाला. त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला आणि आमच्या वडिलांच्या पिढीने त्याचे पोवाडे गायले. हा पैसा संस्थानच्या खजिन्यातून, म्हणजे रयतेकडूनच आला, हेही लपविण्याचे कारण नाही. रयतेला कोणी विचारले नव्हते. पण नायडूंना हुद्दा होता, पगार होता. 'तुम्ही आनंदासाठी खेळता, मग वेतन कशाला?' असे त्यांना कोणी ऐकविले नाही.

आता मास्तरांच्या मूळ तक्रारीकडे वळू. त्यांना वाटते, खेळाडूंवर आपला पैसा आजपासून खर्च होऊ लागला. लेखापरीक्षकाची सवय म्हणून आम्ही एकच प्रश्न विचारतो: आजवर तो कोणत्या लेखाशीर्षाखाली जात होता? उत्पन्न वाढत गेले, खेळाडूंचा वाटा नियमाने गोठविलेला, आणि संस्था ना-नफा तत्त्वावरच्या. पैसा कोठेतरी मुरणारच. तो प्रशिक्षकांच्या पगारात मुरला. अमेरिकेच्या अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सार्वजनिक नोकर राज्यपाल किंवा कुलगुरू नसून विद्यापीठाचा फुटबॉल वा बास्केटबॉल प्रशिक्षक आहे. तो संगमरवरी व्यायामशाळांत मुरला. आणि तो काम न केल्याच्या मोबदल्यातही मुरला: नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी दूर केले तेव्हा करारानुसार त्याला सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणे लागत होते. घरी बसण्याबद्दल! त्या वेळी कोणत्याही तिकिटावर 'बडतर्फी शुल्क' अशी ओळ छापली गेली नाही. छापली असती तर मास्तरांनी तेही देयक आम्हांला दाखविले असते.

चाहत्यांच्या खिशामागे करदात्यांचाही खिसा होता. चांगली जागा मिळण्यासाठी विद्यापीठाला जी 'देणगी' द्यावी लागते, तिचा ८० टक्के भाग २०१७ अखेरपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. जो कधी सामना पाहत नाही, त्यानेही अशा रीतीने पहिल्या रांगेतल्या खुर्चीचे थोडे भाडे भरले. हे सारे निमूटपणे चालले. बोभाटा झाला तो पोरांचे नाव देयकावर आल्यावर.

तथापि मास्तर सर्वस्वी चूक आहेत असे आम्ही म्हणत नाही. एका मुद्द्यावर ते अगदी बरोबर आहेत, आणि तो मुद्दाच आमच्या लेखाचा गाभा आहे. त्यांना चीड आली ती पैशांपेक्षा पैसे मागण्याच्या रीतीची. २०२१ नंतर विद्यापीठांना थेट पगार देता येईना, तेव्हा चाहत्यांनी 'कलेक्टिव्ह' नावाची मंडळे काढली. महिना काही डॉलरांची वर्गणी भरा, आपला संघ टिकवा, अशी आर्जवे सुरू झाली. काही मंडळांनी तर स्वतःला धर्मादाय संस्था म्हणवून घेतले. अखेर जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या करखात्याने मत दिले की, अशा पुष्कळ मंडळांचे काम मुख्यतः खेळाडूंच्या खाजगी लाभाचे असल्याने ती करसवलतीस पात्र नाहीत. विद्यापीठाने माल विकायचा, दूरचित्रवाणीचे पैसे स्वतः घ्यायचे आणि मजुरीसाठी मात्र गिऱ्हाइकाच्या दारी झोळी पाठवायची, हा कुठला न्याय?

६ जून २०२५ रोजी 'हाउस' खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि १ जुलैपासून विद्यापीठांना स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षी कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास, सर्व खेळ मिळून, सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. मागील खेळाडूंसाठी दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलरांची भरपाई. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण अर्धेच आहे. खेळाडू अजूनही कर्मचारी नाही. त्याची संघटना या रकमेवर वाटाघाटी करीत नाही. मर्यादा परस्पर ठरलेली. आणि हा खर्च कोणत्या खर्चाला कात्री लावून भागवायचा, याचे उत्तर टेनेसीने दिले ते असे: प्रशिक्षकाच्या पगाराला हात न लावता तिकिटावर दहा टक्के. आम्ही 'टॅलेंट फी'ला विरोध करतो तो याच कारणासाठी. पगार हा धंद्याचा पहिला खर्च आहे. हलवाई मिठाईच्या पावतीवर आचाऱ्याचा पगार वेगळा लावीत नाही. तो तसे करू लागला, तर समजावे की आचाऱ्याविषयी गिऱ्हाइकाचे मन कलुषित करण्याचा त्याचा डाव आहे.

वर्गणीने पगार भागविण्याचा परिणाम काय होतो, हेही त्याच नॉक्सव्हिलने पाहिले. एप्रिल २०२५ मध्ये संघाचा मुख्य क्वार्टरबॅक मोबदल्याच्या बोलण्यांच्या बातम्या येत असताना सरावाला आला नाही, आणि पुढे कॅलिफोर्नियातील विद्यापीठात निघून गेला. मास्तर त्याला कृतघ्न म्हणाले. आम्ही विचारले, मास्तर, तुमच्या शाळेशी तुमचा करार होता ना? मुदत होती, नोटीस होती, निवृत्तिवेतन होते? या मुलाशी विद्यापीठाने नोकरीचा तसा करार कधी करूच दिला नाही. मालक-नोकर नाते मान्य नसेल तर नोकराच्या निष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? ज्यांना खेळाडूंची ही पळापळ नकोशी वाटते, त्यांनी तर सर्वांत आधी खेळाडूंची संघटना आणि बहुवर्षीय करार मागावयास हवेत. मास्तर काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण मी त्याला माझा मानला होता." या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

राहिला प्रश्न शरीराचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ज्यांचा खेळ महाविद्यालयातच संपला अशा ५३ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, तेव्हा ४८ मेंदूंत वारंवार आघातांनी होणारा विकार आढळला. कुटुंबीयांनी शंका आली म्हणून दान केलेले हे मेंदू असल्याने सर्व खेळाडूंचे प्रमाण असेच असेल असे म्हणता येणार नाही; पण विकार खरा आहे आणि तो कधीकधी विसाव्या वर्षीच्या आघाताचा हिशेब पन्नाशीत मागतो. विद्यार्थी-खेळाडूला खेळ संपल्यानंतर दोन वर्षांपर्यंत उपचाराचे संरक्षण देण्याची व्यवस्था २०२४ मध्ये आली. पन्नाशीतले काय? कर्मचाऱ्याला कायदा असतो. चाहत्यांच्या वर्गणीवर जगणाऱ्याला टाळ्या असतात, आणि त्या हंगामाबरोबर संपतात.

विद्यापीठाचे काम विद्यादान, पैलवान पोसणे नव्हे, असे ज्यांचे ठाम मत आहे त्यांच्याशी आमचे भांडण नाही. त्यांच्यासाठी शिकागो विद्यापीठाचे उदाहरण आहे. कुलगुरू रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकीर्दीत, १९३९ मध्ये, एके काळी अजिंक्य असलेला आपला फुटबॉल संघ त्या विद्यापीठाने बंद केला. विद्यापीठ बुडाले नाही. तो एक प्रामाणिक मार्ग. धंदा करावयाचा तर मजुराला मजूर म्हणून, करार करून, पगार द्यावा, हा दुसरा प्रामाणिक मार्ग. धंदा ठेवून मजुराला विद्यार्थी म्हणणे आणि त्याच्या मजुरीला वर्गणी म्हणणे हा तिसरा मार्ग आम्हांला मान्य नाही.

शेवटी आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले कर्ज काढून अमेरिकेतील सरकारी विद्यापीठांत शिकावयास गेली आहेत, त्यांना एक विनंती. मुलांकडून शुल्काचे पत्रक मागवून घ्या आणि त्यात क्रीडाविभागासाठी सक्तीचे शुल्क आहे का ते पाहा. दूरचित्रवाणीचे मोठे करार ज्यांच्या वाट्याला येत नाहीत, अशा अनेक संस्थांत संघाचा खर्च या शुल्कातूनच चालतो. ज्याने सामना कधी पाहिला नाही, त्या तुमच्या मुलाच्या कर्जात कोणा प्रशिक्षकाचा पगार दडलेला असू शकतो. ती ओळ सापडली तर विद्यापीठाला पत्र लिहून हिशेब मागा. आणि रागवावयाचेच असेल तर मैदानावर धडका खाणाऱ्या पोरावर रागावू नका.

मास्तरांनी २०२५ ची फी भरली होतीच. आम्ही निघालो त्या दिवशी ते निरोप द्यायला आले, तेव्हा पुढल्या वर्षीही भरणार का असे विचारले. "भरेन," ते म्हणाले, "पण या खेपेस त्यांना एक पत्रही लिहीन." पत्रात काय असावे यावर आम्ही विमानतळाची गाडी येईपर्यंत बोलत होतो.